परसातल्या हौदात गप्पी आणि बेडूक एकत्र नांदतील का?

परसदार | १६ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. तळेगाव दाभाड्यात आमचं जुनं बैठं घर आहे, मागे थोडं परस. गेल्या दिवाळीनंतर तिथे एक हौद बांधून घेतला. आठ बाय पाच फूट, खोली दोन फूट, म्हणजे सव्वादोन हजार लिटरच्या आसपास पाणी. बोअरचं. कडेला अळू, एका कोपऱ्यात वेखंड, मध्ये कुंडीत लावलेली कुमुदिनी.

पहिला फटका सिमेंटचा बसला. गवंडी म्हणाला, आठ दिवस पाणी मारलं की हौद तयार. मी त्याच्या भरवशावर वीस मासे आणून सोडले, संध्याकाळपर्यंत सगळे उताणे. मग कुणीतरी सांगितलं म्हणून केळीच्या खोडाचे तुकडे टाकून पाणी भरायचं, पाच दिवसांनी उपसून टाकायचं, असं चार वेळा केलं. पाण्याचा बुळबुळीतपणा गेला तेव्हा जानेवारीत आरोग्य खात्याच्या एका कर्मचाऱ्याने पिशवीभर गप्पी फुकट दिले. पंधरा असतील. आता मोजायचं सोडून दिलंय.

खरा प्रश्न पुढे आहे. ९ जूनला पहिला जोरदार पाऊस झाला आणि रात्रभर परसात जो काही गलका झाला, आमच्या आईने शेवटी कानात कापूस घातला. सकाळी बघतो तर वेखंडाच्या बुंध्याला गुंडाळलेली लांबच लांब काळ्या मण्यांची पोत. मंगळसूत्र ओवायला बसावं तशी. आणि दुसऱ्या कोपऱ्यात पाण्यावर एक पातळ साय, तिच्यात सब्जाच्या बियांसारखे ठिपके. मी खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी सायीचा मागमूस नाही. पोत मात्र जशीच्या तशी, आणि आता तिच्यातून काळी पिल्लंही निघालीत.

साय कुणी खाल्ली? पोत का नाही खाल्ली? आणि मुख्य म्हणजे मासे आणि बेडूक एका हौदात ठेवता येतात का?

आयतोबा | १६ जून, रात्री १०:०२

कुणी खाल्ली म्हणजे काय! घरात पाहुणे बोलावून ठेवलेत आणि सायीचं भांडं उघडं.

बाई_नववी_ब | १७ जून, सकाळी ६:५५

बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे उत्तर लांबेल. आधीच माफी.

पोत आहे ती भेकाची. भेक म्हणजे तो खडबडीत कातडीचा, दिव्याखाली किडे खायला येऊन बसतो तो. त्याच्या कानामागच्या फुगीर ग्रंथींत विष असतं हे तुम्हाला माहीत असेल. मांजराने एकदा तोंडात धरला की फेस काढत सोडून देतं. तेच कडवटपण अंड्यांत आणि काळ्या पिल्लांतही उतरलेलं असतं, म्हणून बरेच मासे त्यांच्या वाटेला जात नाहीत. ती पिल्लं उघड्यावर घोळका करून फिरतात ना? लपायची गरजच नाही त्यांना.

साय होती ती छोट्या बेडकाची, बहुधा अंगठ्याच्या नखाएवढा असतो तो, पाठीवर नक्षी असलेला. आवाज मात्र कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा आणि अंगापेक्षा दसपट मोठा. त्याची अंडी पाण्यावर एका थराची पसरतात आणि एक-दोन दिवसांत फुटतात. इतकी घाई कशाला? कारण तो डबक्यातला प्राणी आहे. डबकं कधी आटेल सांगता येत नाही, आणि डबक्यात मासा नसतो. माशापासून वाचायची युक्ती त्याच्याकडे नाही, कारण त्याला कधी लागलीच नाही. तुमच्या गप्पींनी ती साय खाल्ली, यात मला तरी शंका वाटत नाही.

तेव्हा एकत्र नांदतील का, तर भेक नांदेल, बाकीचे मार खातील.

तिरफळ | १७ जून, सकाळी ८:३०

आमच्या कुडाळात कोण हौद बांधून बेडूक पाळणत नाय. बेडूक पाळूचे नसतत, ते पावसात आपसूक येतत. तुमी फक्त पाणी ठेवा आणि वाट बघा.

चढणीचा_मासा | १७ जून, सकाळी ११:१५

बाई, सुंदर लिहिलंत. पण एक शंका. आमच्याकडे संगमेश्वरच्या बाजूला पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यातून वर शेतात चढतात, भातखाचरांत अंडी घालतात. त्याच खाचरांत त्याच रात्री बेडूकही ओरडत असतात. घोटाभर पाणी. लहानपणी आम्ही खोईन लावून मासे धरायचो आणि पायात बेडकांची पिल्लं वळवळायची. तिथे कसे नांदतात मग दोघे?

बाई_नववी_ब | १७ जून, दुपारी १:४०

हा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला असता तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवलं असतं.

खाचर एक नसतं, पन्नास असतात. काहींत मासा पोचतो, काहींत नाही. बांधाच्या आतल्या खुरपणीच्या खड्ड्यात, बैलाच्या खुराच्या ठशात, गवताच्या दाटीत अंडी राहून जातात. शिवाय पाणी पसरट आणि उथळ, मासा मोठा झाला की त्याला खोल पाण्याकडे परतावं लागतं. परसदार यांचा हौद मात्र चारी बाजूंनी उभ्या भिंतींचा, दोन फूट खोल, आणि गप्पी बारा महिने, चोवीस तास तिथेच मुक्कामाला. लपायला जागा वेखंडाच्या बुंध्याएवढी.

आणि गप्पी इथला नाही हेही धरा. दक्षिण अमेरिकेतला मासा, डासांच्या अळ्या खातो म्हणून इंग्रजांच्या काळात आणला. त्याचा भाऊबंद गँबुशिया १९२८ मध्ये इटलीहून आला. तो तर बेडकांच्या पिल्लांच्या शेपट्या कुरतडतो.

कोरडादिवस | १७ जून, दुपारी ४:२०

सगळं ठीक, पण डेंग्यूचं काय? आमच्या नाशिकच्या सोसायटीत एकाने गच्चीत कमळाचं टब ठेवलं होतं. तपासणीला आलेल्या माणसाने टॉर्च मारली, अळ्या दिसल्या, आणि नोटीस चिकटवून गेला. मासे काढून बेडूक ठेवणं म्हणजे डासांना आमंत्रण. बेडकांची पिल्लं डासांच्या अळ्या खातात ना म्हणे?

बाई_नववी_ब | १७ जून, संध्याकाळी ६:१०

नाही हो, हा गैरसमज आहे. बहुतेक पिल्लं शेवाळ खरवडतात, कुजकं पान खातात. डासांचा बंदोबस्त त्यांच्यावर सोडू नका. अळ्या खातात त्या चतुराच्या पाण्यातल्या अळ्या, पाठीवर उलटे पोहणारे किडे, पाणभुंगे. हे उघड्या पाण्यात आपणहून येतात, पण यायला वेळ लागतो. तोवर तुम्हीच गाळणी घेऊन उभं राहायचं.

फुलपात्र | १८ जून, सकाळी ७:२५

बेडूक विकत मिळतात की मत्स्यालयाच्या दुकानात. पांढरे, गुलाबी डोळ्यांचे. दीडशेला जोडी घेतली होती मी.

चढणीचा_मासा | १८ जून, सकाळी ९:००

फुलपात्र, ते आफ्रिकेतले. काचेच्या टाकीतच ठेवा, परसात सोडू नका. आणि इथले बेडूक पकडून आणायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तोही काढून टाका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांतल्या काही जातींना संरक्षण आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद झाली, तरी गोव्यात दर पावसाळ्यात 'जंपिंग चिकन'साठी कंदील घेऊन निघणारे आहेतच, आणि वनखातं त्यांच्या मागे. त्याशिवाय एका तळ्यातला बेडूक दुसऱ्या तळ्यात नेला की त्याच्या कातडीवरची बुरशीही सोबत जाते. तिने जगात ठिकठिकाणी बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्यात.

तिरफळ म्हणतात तेच खरं. वाट बघा.

परसदार | २ जुलै, रात्री ८:१५

सगळ्यांचे आभार. बाई, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग दुसरं भांडं ठेव की, एवढं काय?"

ठेवलं. हौदापासून दहा पावलांवर, आंब्याच्या सावलीत, जुनं पिठाचं प्लास्टिकचं मोठं टोपलं जमिनीत गाडलं. व्यास अडीच फूट, खोली फूटभर. आत एक बाजू विटांचे तुकडे आणि मुरूम टाकून उताराची केली, चिंचोळा घाटच जणू. तळाला परसातली माती, वर आंब्याची वाळकी पानं. मासा एकही नाही. नळाचं पाणी टाळलं, पावसाने भरू दिलं.

आता हौदाचा वृत्तांत. भेकाची पिल्लं जिवंत आहेत, पण भिंत उभी असल्याने पाय फुटलेली तीन-चार बाहेर यायच्या धडपडीत दमून बुडालेली सापडली. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पाण्यात जन्मलेला प्राणी पाण्यात बुडतो, हे कळायला ती हातात घ्यावी लागली. तळव्यावर गव्हाच्या दाण्याएवढी, शेपटीचा ठोंब अजून राहिलेला. लगेच एका कोपऱ्यात जांभ्या दगडांचे तुकडे रचून पायरी केली आणि एक खडबडीत फळी तिरकी टाकली. दुसऱ्या दिवशी फळीवर सात जण रांगेत.

आयतोबा | २ जुलै, रात्री ८:४०

एसटी स्टँडच.

कोरडादिवस | २ जुलै, रात्री ९:१०

टोपल्यात अळ्या?

परसदार | ३ जुलै, सकाळी ७:००

आहेत. खोटं कशाला बोलू. चहाची गाळणी (जुनी, आईने नवी आणल्याशिवाय दिली नाही) दर रविवार-बुधवार फिरवतो. पहिल्या रविवारी साठेक अळ्या निघाल्या, त्या हौदात झटकल्या. गप्पींची झुंबड बघण्यासारखी. म्हणजे मासे कामाला येतातच, फक्त जेवण त्यांच्या घरी नेऊन द्यायचं.

बाई_नववी_ब | ३ जुलै, सकाळी ९:३०

शाबास. आठवड्यातून दोनदा ठीक आहे. अंड्यापासून डास व्हायला पावसाळ्यात आठ-दहा दिवस लागतात, त्याच्या आत गाळणी फिरली पाहिजे. आणि टोपल्याचा पाण्यावरचा काठ बोटाने घासत चला. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्यात नाही, काठाला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. 'कोरडा दिवस' पाळताना भांडं नुसतं उपडं न करता घासायला सांगतात ते म्हणूनच. गावाला जायची वेळ आली तर अळ्या मारणाऱ्या जिवाणूंची पावडर मिळते, बीटीआय म्हणून. मासे-बेडकांना ती बाधत नाही. रॉकेल किंवा काळं तेल मात्र चुकूनही नको.

निवांत_न्यूजर्सी | ५ जुलै, पहाटे ३:३०

इथे आमच्या मागच्या तळ्यात गोल्डफिश होते, वसंतात लाकूडबेडकांनी अंडी घातली की चार दिवसांत सफाचट. मग इथल्या एका माळ्याने हेच सांगितलं, झाडीत एक खड्डा काढ, ऑगस्टपर्यंत आटू दे, मासा घालू नकोस. आटणं हाच त्याचा गुण. जे पाणी आटतं तिथे मासा वस्ती करू शकत नाही. आपल्याकडे तर अर्धं वर्ष आटण्याचंच, म्हणजे तुमचं काम अधिक सोपं.

परसदार | २१ जुलै, सकाळी ७:४५

तातडीचं. टोपल्यावर झुकलेल्या अळवाच्या पानाखाली पांढरा फेस लागलाय. साबणाच्या फेसाचा गोळा असावा तसा, मुठीएवढा. आईला वाटलं कामवाल्या मावशींनी भांडी घासताना उडवला. हात लावला तर चिवट, वरून सुकत चाललाय. काय आहे हे?

बाई_नववी_ब | २१ जुलै, सकाळी ७:५२

हात लावू नका!! झाडावरच्या बेडकाचं घरटं आहे. तोच, जो पावसाळ्यात न्हाणीघरात भिंतीला चिकटून बसतो आणि पाहुणे किंचाळतात. अंडी फेसात, फेस पाण्याच्या बरोबर वर. पिल्लं आत फुटली की फेस विरघळतो आणि ती खाली थेंबासारखी पडतात. खाली पाणी आहे ना? मग काही करू नका. ते पान तेवढं तोडू नका.

आयतोबा | २१ जुलै, सकाळी ८:०५

म्हणजे या महिन्यात अळूवडी बाद.

परसदार | २१ जुलै, सकाळी ८:२०

आईने त्याच पानावर डोळा ठेवला होता. तिला बाईंचं उत्तर दाखवलं. फदफद्याला लागणारी पानं हौदाच्या बाजूची काढली.

परसदार | २६ जुलै, रात्री ११:१०

पडली. काल रात्री पाऊस लागला होता, बॅटरी धरून छत्रीखाली उभा होतो. फेसाचं टोक ओलं होऊन लोंबलं आणि एकेक पिल्लू टप, टप. काही टोपल्याच्या काठावर पडली, त्यांना पानाच्या देठाने आत ढकललं. सत्तरपर्यंत मोजली, मग आईने हाक मारली की सर्दी होईल.

ही हौदावर पडली असती तर? गप्पी खाली तोंड वासून उभेच असते.

चढणीचा_मासा | २७ जुलै, सकाळी १०:००

म्हणून म्हणतो, आता गप्पीच काढा. हौदासाठी इथलाच पिकू बघा. बोटाएवढा, डोक्यावर चमकणारा ठिपका, पाण्याच्या वरच्या थरात राहतो आणि डासांच्या अळ्या गप्पींइतक्याच आवडीने खातो. नाहीतर पट्टेरी दानिओ. जगभरच्या प्रयोगशाळांत जो झेब्रा मासा म्हणून प्रसिद्ध आहे तो मुळात आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतला. बेडकांची पिल्लं हेही खातील, त्याबाबतीत कुठलाच मासा साधू नाही. पण पुरात हौद भरून वाहिला तर निदान परका मासा ओढ्यात जाणार नाही.

फुलपात्र | २७ जुलै, दुपारी १२:३०

मग गप्पी इंद्रायणीत सोडून द्या, जीव वाचेल बिचाऱ्यांचा.

चढणीचा_मासा | २७ जुलै, दुपारी १२:४१

नको!!! उजनीत चिलापीने काय करून ठेवलंय ते भिगवणच्या कुठल्याही कोळ्याला विचारा. जाळ्यात दुसरं काही येईना. प्रत्येक परका मासा कुणाच्या तरी दयेपोटी किंवा फायद्यापोटीच नदीत गेलेला असतो. गप्पीची एक मादी नराशिवायही महिनोन् महिने पिल्लं देत राहते, कारण ती बीज साठवून ठेवते. एक सोडलात तरी घोळका सोडल्यासारखंच.

परसदार | २८ जुलै, सकाळी ९:००

भांडू नका. गप्पी काढणार आहे, पण सावकाश. ओळखीच्या दोघांकडे झाकण तुटलेल्या भूमिगत टाक्या आहेत, ओढ्या-नाल्याशी संबंध नाही, तिथे डास आहेतच. पहिला हप्ता गेला. मच्छरदाणीच्या कापडाचं जाळं शिवून दुपारी बसतो, पोळीचा तुकडा टाकला की सगळे एका जागी येतात. (पोळीवरून आठवलं. आई रोज उरलेली पोळी हौदात टाकायची. मे महिन्यात पाणी हिरवं झालं, वास यायला लागला, पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकायचे. पोळी बंद केली आणि नारळाच्या झावळीची सावली धरली, तेव्हा पंधरा दिवसांत निवळलं.)

परसदार | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:३०

आज वेगळीच भानगड. हौदाच्या काठी दिवड आला. तीन फूट असेल, पिवळसर, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन. शेजारचे काका काठी घेऊन भिंतीवर चढले. मी म्हटलं बिनविषारी आहे, तर म्हणाले, "तुझ्या बेडकांमुळे आमच्याकडे साप यायला लागले, उद्या नाग येईल." त्यांचंही अगदीच चूक नाही. काय उत्तर द्यावं?

तिरफळ | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

दिवड आमच्या बावीत पिढ्यान् पिढ्या आसा. आज्येन त्येका कधी हाकलून दिल्यान नाय. चिडलो तर चावता, पण विष नाय. काकांका चाय पाजा.

बाई_नववी_ब | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२०

काकांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. बेडूक आले की दिवड येणार, खंड्या येणार, ढोकरी येणार. नाग मुख्यतः उंदरांमागे येतो, पण तोही बेडूक खातो, तेव्हा घराजवळचा विटांचा ढीग, लाकूडफाटा आणि उंदरांची बिळं काढा. हौद आणि काकांची भिंत यांमधलं गवत कापून ठेवा, म्हणजे येणारा दिसतो. तेवढं केलंत की काकांचा अर्धा राग जाईल, उरलेला चहाने.

परसदार | १५ ऑगस्ट, दुपारी १:००

विटांचा ढीग उपसला. खाली दोन विंचू आणि एक भला मोठा भेक निघाला. काकांना ढीग हलवायला मदतीला बोलावलं, त्यामुळे ते आता स्वतःच सगळ्यांना सांगतात की दिवड बिनविषारी असतो.

कोरडादिवस | ३ सप्टेंबर, सकाळी ८:१०

काय झालं पुढे? मीही गच्चीत टोपलं ठेवलंय. दोन महिने झाले, एक बेडूक नाही. चौथ्या मजल्यावर येणार कसा म्हणा.

परसदार | १९ सप्टेंबर, सकाळी ७:३०

कोरडादिवस, चौथ्या मजल्यावर चतुर येतील, बेडकांची आशा सोडा. तिथे पिकू ठेवा, नोटीसही यायची नाही.

इथला हिशेब: हौदात गप्पी बरेच कमी झालेत, संपलेले नाहीत. जाळं टाकलं की अजून डोळ्यांत न भरणारी पिल्लं निघतात. पिकू आणायला ओळखीच्या एकांबरोबर मावळात जाणार आहे, फार तर दहा आणू. टोपल्यात फेसातल्या सत्तरपैकी वीस-बावीस तरी पाय फुटून निघाली. मध्यंतरी चतुराची एक भली जाड अळी पिल्लाला धरून बसलेली दिसली. काढावीशी वाटली, पण डासांच्या अळ्या आता गाळणीत येतच नाहीत, त्या हिच्यामुळेच. राहू दिली.

आणि काल रात्री बारीक पाऊस झाला. सकाळी स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर नऊ बेडूक, प्रत्येक हरभऱ्याएवढा, शेपटी पूर्ण गेलेली, रंग ओल्या फरशीचा. एक आईच्या चपलेत. पायरी झाडायची बंद केलीय. आई विचारतेय, दसऱ्याला तरी झाडायला मिळेल का?

बाई_नववी_ब | १९ सप्टेंबर, सकाळी ७:४८

आईंना सांगा, चप्पल झटकून घाला. बाकी दसऱ्यापर्यंत ते आंब्यावर चढलेले असतील.